मिश्र वयाच्या स्काउट पथकासाठी साहसी सहल: निवड कशी करावी आणि आखणी कुठून सुरू करावी?

प्रश्न: नवी पथकप्रमुख

सर्वांना नमस्कार. आमच्या स्काउट-गाईड पथकात ११ ते १६ या वयोगटातील २४ मुले-मुली आहेत आणि आम्ही चार प्रौढ त्यांच्याबरोबर काम करतो. आजवरच्या सहली सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या, सोप्या वाटांच्या होत्या. पाच महिन्यांनी येणाऱ्या सुटीत मात्र दोन रात्रींची, साहसी म्हणता येईल अशी सहल करावी असे ठरले आहे. इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे आणि इथेच ते संपते.

मुलांकडून तीन सूचना आल्या: पाठीवर सॅक घेऊन एखादे शिखर गाठणे, संथ नदीवरून कॅनूने (वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद नावेने) प्रवास करणे आणि सायकलने दोन मुक्काम करणे. हात वर करून मते घेतली, तेव्हा मोठ्या मुलांनी शिखराला आणि लहानांनी नदीला पसंती दिली. सायकल मागणारे दोघेतिघेच निघाले. सभा संपल्यावर दोन मुली मला बाजूला येऊन म्हणाल्या की, त्या आजवर कधी तंबूत झोपलेल्याच नाहीत, आणि हे सर्वांसमोर सांगण्याची त्यांना लाज वाटली. पालकांचेही दोन गट आहेत. काहींना रात्रीचा मुक्कामच नको आहे, तर काहींच्या मते तंबूत राहणे एवढ्याला साहस म्हणणे हास्यास्पद आहे.

मला मार्गदर्शन हवे आहे ते असे की, अशा वेळी निवडीचा निकष कोणता असावा, अकरा वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा मुलगा एकाच सहलीत कसे सामावून घ्यावेत, आणि आखणी नेमकी कोणत्या टोकाकडून सुरू करावी. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: जुनी धार

ताई, आपण मुलांना ठिकाण विचारले, म्हणून उत्तरेही ठिकाणांचीच आली. ‘शिखर की नदी’ असे विचारले की मुले बाजू घेतात, आणि एकदा बाजू घेतली की ती सोडणे त्यांना कमीपणाचे वाटते. त्याऐवजी ‘या सहलीत तुम्हाला स्वतःच्या हातांनी काय करून पाहायचे आहे’ असे विचारून पाहावे. मग उत्तरे वेगळी येतात: स्वतः नकाशा वाचून वाट काढायची आहे, स्वतः स्वयंपाक करायचा आहे, रात्री आकाश पाहायचे आहे, मोठ्यांशिवाय थोडे अंतर चालायचे आहे. यातील बहुतेक गोष्टी डोंगरावरही होतात आणि पाण्याकाठीही होतात, आणि भांडणाचे निम्मे कारण तिथेच नाहीसे होते.

कुंपण मात्र आपण आधी घालावे. प्रौढ किती आहेत, त्यांच्यापैकी कोणाला कोणत्या प्रकारचा अनुभव आणि प्रशिक्षण आहे, ठिकाणापासून वैद्यकीय मदत किती वेळात मिळते, त्या महिन्यात तिथले हवामान कसे असते आणि दिवस किती तासांचा असतो, एवढ्या गोष्टी मुलांसमोर बसण्यापूर्वी कागदावर असाव्यात. या कुंपणाच्या आतले सर्व निर्णय मुलांनी घ्यावेत आणि ते आपल्याला पसंत नसले तरी मान्य करावेत. सहलीचे सगळे मोठ्यांनीच ठरवले आणि मुलांनी फक्त मागे चालायचे, तर ती कितीही उंच नेली तरी तिला साहस म्हणवत नाही. उलट, सपाट रानातल्या तीन किलोमीटरच्या वाटेवर अकरा वर्षांच्या मुलीने होकायंत्र हातात धरून ‘इथून डावीकडे’ असे ठरवले आणि मागचे सात जण तिच्या शब्दावर वळले, तर त्या मुलीसाठी ते पुरेसे साहस असते. तंबू म्हणजे साहस नव्हे असे म्हणणाऱ्या पालकांना मी हेच उत्तर दिले असते.

वयाच्या अंतराची आपण चिंता करता, पण स्काउटिंगची रचनाच मुळी मिश्र गटांवर उभी आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा तिथे आलेली सुमारे वीस मुले वेगवेगळ्या वयांची आणि समाजाच्या वेगवेगळ्या थरांतली होती. त्यांचे चार छोटे संघ करून प्रत्येक संघ त्यांच्यातल्याच एका मुलाच्या हाती सोपवला होता. आपल्या २४ मुलांचे सहा-सहांचे चार संघ करावेत, प्रत्येकात मोठी आणि लहान मुले मिसळावीत, आणि तंबू लावणे, स्वयंपाक, पाणी, स्वच्छता ही सर्व कामे संघाने करावीत. संघनायकाला खरोखरचे अधिकार द्यावेत. नाही तर तो केवळ हजेरी घेणारा उरतो.

वयाचे अंतर खऱ्या अर्थाने आड येते ते चालण्याच्या वेगात आणि पाठीवरच्या ओझ्यात. म्हणून माझी स्पष्ट सूचना अशी आहे की, मुक्काम हलवत नेण्याची सहल या वर्षी करू नये. दोन्ही रात्री एकाच ठिकाणी तळ ठोकावा आणि मधला पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, म्हणजे त्या दिवशी मोठ्यांनी शिखर गाठावे आणि लहानांनी त्यांना झेपेल असे दुसरे काही करावे, हे शक्य होते. तळ हलता असला की प्रत्येक मुलाला सगळे सामान रोज वाहावे लागते आणि सर्वांत दमलेल्या मुलाच्या वेगावर सगळ्यांचा दिवस ठरतो. शिवाय पहिल्या रात्री कोणी आजारी पडले, तर पुढे जायचे की मागे फिरायचे, असा पेच उभा राहतो. एका जागी तळ असला तर आजारी मूल तंबूत झोपते आणि बाकीच्यांचा दिवस चालू राहतो.

त्या दोन मुलींबद्दल: सहलीच्या महिनाभर आधी आपल्या नेहमीच्या सभेच्या जागीच एक रात्र सर्वांनी तंबूत काढावी. कोणाचेही नाव न घेता त्यांचा प्रश्न सुटेल, आणि कोणत्या तंबूचा खांब मोडला आहे तेही तेव्हाच कळेल.

उत्तर: नकाशावाला

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु आखणी कुठून सुरू करावी, या प्रश्नाला अजून हात लागलेला नाही. माझे उत्तर असे की, आखणी अंधार पडण्याच्या वेळेपासून उलट सुरू करावी.

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही वापरला जातो. तो ढोबळमानाने असा की, दर ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास धरावा. समजा, आपले शिखर जाऊन-येऊन १२ किलोमीटर आहे आणि चढ ६०० मीटरचा आहे. नेस्मिथ यांच्या हिशेबाने हे ३ तास २४ मिनिटांत व्हावे. पण हा हिशेब धडधाकट, सवयीच्या, न थांबणाऱ्या प्रौढाचा आहे. मुलांच्या गटासाठी मी ताशी ३ किलोमीटर धरतो. त्यामुळे अंतराचे ४ तास आणि चढाचा १ तास मिळून ५ तास होतात. दर तासाला दहा मिनिटांची विश्रांती धरली तर ५० मिनिटे, आणि जेवणाची ४० मिनिटे वाढतात. उतार तीव्र असेल तर ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगम्युअर यांनी या हिशेबात सुचवलेली दुरुस्ती लावावी, म्हणजे दर ३०० मीटर तीव्र उताराला १० मिनिटे जास्त. आपल्या उदाहरणात ती २० मिनिटे होतात. एकूण बेरीज ६ तास ५० मिनिटे, म्हणजे मूळ आकड्याच्या दुप्पट. कागदावर अर्ध्या दिवसाची वाटणारी सहल मुलांच्या पायांनी पूर्ण दिवसाची होते, ती अशी.

आता उलट चला. अंधार सव्वासहाला पडत असेल, तर तळावर परतण्याची वेळ फार तर सव्वाचार असावी, कारण मधले दोन तास पाय मुरगळणे, वाट चुकणे आणि अचानक आलेला पाऊस यांच्यासाठी राखलेले असतात. त्यातून ६ तास ५० मिनिटे वजा केली की निघण्याची शेवटची वेळ ९ वाजून २५ मिनिटे येते. मी साडेसातला निघण्याची तयारी ठेवीन. साडेसातला निघालेला गट अकराच्या सुमारास माथ्यावर असेल. म्हणून मागे फिरण्याची वेळ दुपारी बाराची ठरवावी आणि आदल्या रात्री सर्वांसमोर जाहीर करावी: बारा वाजता जिथे असू तिथून मागे, मग माथा शंभर मीटरवर दिसत असला तरी. ही वेळ आधी ठरलेली नसेल, तर माथ्याखाली उभे राहून उत्साही सोळा वर्षांच्या मुलांशी वाद घालावा लागतो, आणि त्या वादात प्रौढ हरतात.

नकाशाबद्दल एक बारकावा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या २०-२० मीटर अंतराने काढलेल्या असतील, तर १५-१८ मीटरचा उभा कडा दोन रेषांच्या मधे अक्षरशः दडून बसू शकतो. तीच गोष्ट घसाऱ्याची: नकाशावर मध्यम दिसणारा उतार सुट्या मुरमाचा असला की पुढच्या मुलाच्या पायाखालचा दगड मागच्याच्या नडगीवर येतो. म्हणूनच मुलांना नेण्यापूर्वी किमान दोन प्रौढांनी तीच वाट, शक्यतो तशाच हवामानाच्या दिवसांत, पूर्ण चालून यावी. या पाहणीत वाट सापडते का एवढेच पाहू नये. पाणी कुठे मिळते, मध्येच उतरून जाण्याच्या पळवाटा कुठे आहेत, फोनला कुठून कुठपर्यंत संपर्क मिळतो आणि पाऊस झाल्यास कोणता ओढा अडवील, हे नकाशावर पेन्सिलीने लिहून आणावे.

उंचीवर गारवा किती वाढेल याचाही अंदाज आधी घ्यावा. साधारण दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे ६०० मीटर वर गेल्यावर सुमारे चार अंशांचा फरक पडतो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण त्यात वारा आणि घामाने भिजलेला सदरा मिसळला की माथ्यावर थांबलेली मुले दहा मिनिटांत कुडकुडू लागतात.

सायकलबद्दल दोनच वाक्ये. चोवीस सायकलींची रांग एका रस्त्यावर सांभाळणे चार प्रौढांच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि वाहनांचा धोका आपल्या आखणीने कमी होत नाही. ती सूचना सहा मुलांच्या एखाद्या संघासाठी वेगळी राखून ठेवावी.

उत्तर: वल्हेकरी

नदीची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहितो. नदीवर जाऊ नये असे मी म्हणणार नाही, पण आपल्या प्रश्नातील ‘संथ नदी’ या शब्दप्रयोगाने मला थोडे अस्वस्थ केले. नदी संथ असते ती त्या दिवशी आणि त्या पट्ट्यात. वरच्या भागात पाऊस झाला की आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही पाणी चढते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा अंगावर येणारा जोर चौपट होतो, हे तर काठावरून पाहून समजतच नाही.

नदीवरचा सर्वांत फसवा धोका पाण्यात आडव्या पडलेल्या झाडांचा असतो. फांद्यांमधून पाणी सहज आरपार जाते, पण कॅनू आणि माणूस अडकतात, आणि मागून येणारे पाणी त्यांना तिथेच दाबून धरते. दुसरी गोष्ट अशी की, उलटलेल्या नावेतून पडलेले मूल स्वाभाविकपणे पाय टेकून उभे राहायला पाहते. वाहत्या पाण्यात नेमके तेच करू नये, कारण पाय दगडांच्या फटीत अडकला तर प्रवाह शरीराला पुढे झोकून देतो. पाठीवर तरंगायचे, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ ठेवायचे आणि तिरके हातांनी काठाकडे सरकायचे, याचा सराव आधी उथळ, बंदिस्त पाण्यात सर्व मुलांकडून कपड्यांनिशी करून घ्यावा लागतो. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. म्हणून कपडे हवेच्या तापमानाला साजेसे न निवडता पाण्याच्या तापमानाला साजेसे निवडावेत.

लाइफ जॅकेट प्रत्येक मुलाच्या मापाचे असावे. दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून मुलाला वर उचलून पाहावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते त्याचे माप नव्हे. पोहता येणाऱ्यांनाही ते घालणे बंधनकारक असावे, आणि हे प्रौढांनाही लागू आहे, कारण मुले नियम ऐकत नाहीत, ती आपल्याकडे पाहतात.

आपल्या चौघांपैकी वाहत्या पाण्यातील बचावाचे प्रशिक्षण घेतलेले किमान दोघे नसतील, तर या वर्षी नदी सोडून द्यावी. लहान मुलांची हौस बंदिस्त, वारा कमी असलेल्या तलावावर प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली भागवता येते. फक्त दुपारी वारा वाढतो हे लक्षात ठेवून पाण्यावरचा कार्यक्रम सकाळी उरकावा.

उत्तर: तंबूतला डॉक्टर

सर्वांनी वाटेबद्दल लिहिले. मी मुलांबद्दल लिहितो.

आरोग्यविषयक माहितीपत्रात ‘पाल्याला काही आजार आहे का’ असा प्रश्न असला की बहुसंख्य पालक ‘नाही’ असे लिहून मोकळे होतात. दमा आटोक्यात असलेल्या मुलाचे पालकही प्रामाणिकपणे ‘नाही’च लिहितात, कारण त्यांच्या दृष्टीने तो आता आजार राहिलेला नसतो. म्हणून प्रश्न असे असावेत: गेल्या बारा महिन्यांत पाल्याने कोणकोणती औषधे घेतली, सध्या रोज काय घेतो आणि किती, श्वास लागण्याचा त्रास शेवटचा केव्हा झाला, कोणत्या अन्नाने, औषधाने किंवा कीटकाच्या दंशाने अंगावर सूज किंवा गांधी आल्या आहेत, झोपेत चालतो का, अंथरूण ओले होते का. शेवटचे दोन प्रश्न विचारताना ‘ही माहिती फक्त एका प्रौढ व्यक्तीकडे राहील’ असे वाक्य जोडावे आणि ते कटाक्षाने पाळावे. अंथरूण ओले होण्याच्या भीतीने काही मुले सहलीला येणेच टाळतात, आणि कारण कधीच सांगत नाहीत. त्याचप्रमाणे मुलींना पाळीच्या दिवसांत काय सोय असेल, हे विचारावे लागण्याची वेळ येऊ देऊ नये. सामान कुठे आहे आणि कोणत्या ताईंकडे मागायचे, हे पूर्वतयारीच्या सभेत सहजपणे सांगून टाकावे.

दम्याचा पंप आणि तीव्र ॲलर्जीसाठी लागणारे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन मुलाच्या स्वतःच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात असावे, आणि त्याची दुसरी प्रत त्या गटातील प्रौढाकडे असावी. ही औषधे तळावरच्या मोठ्या प्रथमोपचार पेटीत ठेवलेली असतील आणि मूल सहा किलोमीटर दूर असेल, तर ती नसल्यातच जमा आहेत.

सॅकचे वजन मुलाच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत ठेवावे. ३५ किलोच्या मुलाला २० टक्क्यांनी ७ किलो येतात, आणि त्यात स्लीपिंग बॅग, कपडे आणि दोन लिटर पाणी एवढ्यातच बरेचसे वजन संपते. याचा अर्थ तंबू आणि भांडी मोठ्यांच्या वाट्याला जातात, हे आधीच मान्य करून वाटणी करावी. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक सॅक काट्यावर तोलावी. जी मूठभर मुले ‘जड नाही’ असे म्हणतात, त्यांच्याच सॅकमध्ये जादा बूट आणि मोठी शाम्पूची बाटली निघते.

पायाचे फोड हे सहल बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे आणि सर्वांत टाळता येण्याजोगेही. चालू लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच एकदा थांबावे, सर्वांना बूट-मोजे काढायला लावावेत आणि टाचेवर, करंगळीवर लाल, गरम झालेली जागा दिसते का ते पाहावे. दिसली तर तिथेच कोरडे करून चिकटपट्टी लावावी. ‘कोणाला दुखते आहे का’ असे नुसते विचारून उपयोग होत नाही, कारण गटासमोर कोणीही हात वर करत नाही.

पाण्याबाबत नियम साधा ठेवावा. ओढ्याचे किंवा झऱ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी उकळूनच प्यावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि तळ २००० मीटरपेक्षा उंचावर असल्यास तीन मिनिटे उकळावे. पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळून घ्यावे.

पुन्हा: नवी पथकप्रमुख

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘काय करून पाहायचे आहे’ हा प्रश्न मी कालच्या सभेत विचारला, आणि गंमत अशी की, ज्या मुलांनी शिखरासाठी सर्वांत जास्त आरडाओरडा केला होता, त्यांच्यापैकी तिघांनी ‘स्वतः चूल पेटवायची आहे’ असे लिहून दिले. शिखर हवे असणारे तरीही बरेच आहेत, आणि ते मला मान्यच आहे.

आता ठरले आहे ते असे. दोन्ही रात्री एकाच ठिकाणी तळ. मधल्या दिवशी तेराच्या पुढची बारा मुले दोन प्रौढांबरोबर शिखराकडे, आणि लहान बारा मुले उरलेल्या दोघांबरोबर तळाजवळच्या दरीतल्या वाटेवर, नकाशा आणि होकायंत्र घेऊन. नदी या वर्षी नाही, सायकलही नाही. पाहणीसाठी आम्ही दोघी पुढच्या महिन्यात जाणार आहोत.

माझ्या दोन शंका उरल्या आहेत. प्रत्येक गटाबरोबर दोन प्रौढ पुरेसे आहेत का? आणि मुलांनी फोन आणावेत की नाही? पालक आणा म्हणतात, मुले अर्थातच आणा म्हणतात, आणि माझा कल नको कडे आहे.

उत्तर: जुनी धार

ताई, आराखडा चांगला आहे, पण प्रौढांचा हिशेब अपघाताच्या क्षणी मांडून पाहावा. शिखराच्या वाटेवर एका मुलाचा पाय मोडला. एक प्रौढ त्याच्याजवळ थांबणार. दुसऱ्याने मदत आणायला जावे, तर अकरा मुले कोणाकडे? आणि अकरा मुलांना घेऊन खाली यावे, तर एक प्रौढ एका मुलाबरोबर एकटा उरतो, जे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही योग्य नाही आणि बालसंरक्षणाच्या नियमांतही बसत नाही. म्हणून शिखराच्या गटाबरोबर चार प्रौढ हवेत, म्हणजे दोघे जखमी मुलाजवळ थांबतील आणि दोघे बाकीच्यांना खाली आणतील. दरीतला गट तळापासून हाकेच्या अंतरावर असल्याने तिथे दोघे चालतील, पण तळावर वाहनासह आणखी एक व्यक्ती असावी. एकूण सात होतात. पालकांतून तीन माणसे मिळत नसतील, तर शिखराची उंची कमी न करता दोन्ही गटांची वाट एकच ठेवावी: सर्वांनी मिळून निघावे, लहानांनी पहिल्या पठारावर थांबून आपला कार्यक्रम करावा आणि मोठ्यांनी तिथून पुढे जावे. त्यामुळे दोन्ही गटांतले अंतर तासाभराच्या आत राहते आणि मदतीला माणसे जवळ असतात.

येणाऱ्या पालकांना आधीच सांगावे की, स्वतःच्या पाल्याच्या संघात त्यांना राहता येणार नाही. हे ऐकून जे माघार घेतील, त्यांनी माघार घेतलेलीच बरी.

चालताना सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे ठरलेला प्रौढ असावा, आणि प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबावे. मागच्या प्रौढाच्या मागे कोणीही राहता कामा नये, बूट बांधायला थांबलेला सोळा वर्षांचा संघनायकसुद्धा. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असावी आणि संकटाचा इशारा सर्वांना पाठ असावा: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा, उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचे. हा इशारा गंमत म्हणून वाजवायचा नाही, हे एकदाच पण कडकपणे सांगावे.

वीज-पावसाचा नियमही आधीच सांगून ठेवावा. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी धारेवरून आणि माथ्यावरून ताबडतोब खाली उतरावे, एकट्या उंच झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे होईपर्यंत पुन्हा वर जाऊ नये. आकाशात ढग उभे वाढू लागलेले दिसले की मोजणीची वाट न पाहता फिरावे. त्या दिवसासाठी तळावरचा एक पूर्ण कार्यक्रम, गाठी, दोरीचा पूल, प्रथमोपचाराचा सराव असा काही, लेखी तयार असावा. पर्याय हाताशी नसला की लीडरच्या मनात ‘बघू, कदाचित उघडेल’ हा विचार येतो.

फोनबद्दल माझे मत आपल्या जवळपास आहे, पण पूर्ण बंदीचे नाही. संघनायकांचे चार फोन सोबत असावेत. ते बंद करून, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगाजवळ ठेवावेत, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. बाकीच्या मुलांचे फोन घरी राहावेत. पालकांची खरी गरज फोन जवळ असण्याची नसते, बातमी मिळण्याची असते. म्हणून घरी राहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीकडे वाटेचा नकाशा, सर्वांची नावे, वाहनांचे क्रमांक आणि परतीची वेळ लिहून द्यावी, आणि रोज संध्याकाळी ठरल्या वेळी त्याच व्यक्तीला निरोप जावा. तिने तो पालकांना कळवावा. त्याच कागदावर एक वेळ ठळक अक्षरांत लिहावी, उदाहरणार्थ रात्रीचे आठ. तोपर्यंत आपल्याकडून काहीच कळले नाही, तर त्या व्यक्तीने आपल्याला फोन लावत बसू नये, थेट स्थानिक बचाव यंत्रणेला कळवावे. पाहणीला जाल तेव्हा त्या यंत्रणेचा क्रमांक आणि तळावरून कोणत्या जागी उभे राहिले की संपर्क मिळतो, ही दोन्ही टिपणे घेऊन यावे.